सोसायटीला फुकट, विकणाऱ्याला नाही: सॉफ्टवेअरचं लायसन्स मी कसं निवडलं आणि तुम्ही कसं निवडावं

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना टँकरचं वेगळं सांगायला नको. एप्रिल लागला की आमच्या सोसायटीत दिवसाला दोन-तीन टँकर येतात, वॉचमन वहीत गाडीचा नंबर आणि वेळ टिपतो, आणि महिनाअखेरीला ते पैसे कोणाच्या बिलात किती घालायचे यावरून कमिटीत आवाज चढतात. बंद फ्लॅटवाल्याने टँकरचे पैसे का द्यायचे? दुसऱ्या विंगची टाकी वेगळी आहे, मग आमच्या टँकरचा भार त्यांच्यावर का? या भांडणाला कंटाळून मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. वहीतल्या नोंदी भरायच्या, विंगप्रमाणे वाटणी होते, त्यात सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, थकबाकीवरचं व्याज मिळवून मेंटेनन्सचं मराठी बिल छापून निघतं. नाव ठेवलं ‘टँकरवही’. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि वाटायच्या वेबसाइटवर, टाकताना लायसन्स (इतरांनी तो कोड कसा वापरायचा याची परवानगी) कोणतं असा प्रश्न आला, तेव्हा यादीत जे ओळखीचं दिसलं ते निवडलं, एमआयटी. दहा सेकंदसुद्धा विचार केला नाही.

दोन वर्षांनी वाघबीळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका एक बिल घेऊन घरी आले. “तुमच्यासारखंच आहे बघा, पण हे लोक फ्लॅटमागे महिन्याला पैसे मागतायत. घ्यावं का?” बिलाच्या तळाशी एक रकाना होता, ‘पालिकेचे पाणी कमी आलेले दिवस’. तो रकाना मी आमच्या आईच्या सांगण्यावरून घातला होता, कारण तिच्या मते टँकर का मागवला हे बिलावर दिसल्याशिवाय लोक पैसे देणार नाहीत. त्याखाली ‘पन्नास पैशांपर्यंतचा फरक पुढील बिलात’ हे वाक्य, तेही जसंच्या तसं माझं. फक्त वरचं नाव बदललेलं.

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी शांतपणे एमआयटीचा मजकूर पहिल्यांदा पूर्ण वाचला, आणि लक्षात आलं की विकण्याची परवानगी मीच दिली होती. वापरा, बदला, वाटा, विका, सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अट एकच, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत राहिला पाहिजे. सेक्रेटरी काकांच्या कॉम्प्युटरवर त्या लोकांनी बसवलेल्या प्रतीत तो नव्हता, म्हणजे ती अट त्यांनी मोडली होती. त्यावर मी पत्र लिहिलं आणि माझी ओळ परत आली. पण विक्री थांबवायचा हक्क मला नव्हता, आणि त्या जुन्या आवृत्तीपुरता आजही नाही.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी कोड उघड्यावर टाकायला निघालं की मी त्यांना बसवून हे सगळं सांगते. ऐरोलीच्या ऑफिसात दुपारच्या चहाला, ट्रान्स हार्बरच्या गाडीत उभ्याउभ्या, कितीतरी वेळा सांगून झालंय. म्हणून आता एकदा नीट लिहून ठेवते.

आधी कागद, मग लायसन्स

लायसन्सची नावं शोधायला लगेच बसू नका. ‘कमर्शियल’ हा शब्द प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००९ मध्ये तर ‘नॉनकमर्शियल’ म्हणजे लोक काय समजतात यावर एक अभ्यासच प्रसिद्ध केला होता. त्यामुळे शब्दापासून सुरुवात केलीत तर गोंधळ होणार. माणसांपासून सुरुवात करा. एक कागद घ्या आणि तुमचं सॉफ्टवेअर खरोखर कोण वापरेल, ती माणसं एकेक करून लिहा. प्रत्येकापुढे ‘फुकट’, ‘पैसे देऊन’ किंवा ‘अजिबात नाही’ असं लिहा.

माझा कागद असा झाला. आमच्यासारखी सोसायटी: फुकट, त्यात वादच नाही. तळमजल्यावर गाळे असलेली सोसायटी, जिथे दुकानदारही मेंटेनन्स भरतात: तीही फुकट. वृद्धाश्रम चालवणारा ट्रस्ट: फुकट. इंजिनिअरिंगची मुलं फायनल इयरच्या प्रोजेक्टला घेतील: फुकट, वर मदतही करीन. सोसायटी रजिस्टर होईपर्यंत स्वतः मेंटेनन्स गोळा करणारा बिल्डर: पैसे देऊन. पाच-पन्नास कॉम्प्लेक्स सांभाळणारी प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनी: पैसे देऊन. नाव बदलून विकणारा: अजिबात नाही.

अडले ते हिशोबनीस काकांपाशी. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमच्या भागातल्या चौदा सोसायट्यांचे हिशोब लिहितात, दर महिन्याला फी घेतात, आणि टँकरवही सर्वांत जास्त तेच वापरतात. फी घेतात म्हणजे वापर धंद्यासाठीच झाला की. पण त्यांनी सांगितल्याशिवाय मला व्याजाचा नियम कळला नसता. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लावायचं, चक्रवाढ नाही, आणि तेव्हाच्या उपविधींप्रमाणे तेही वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के. माझ्या पहिल्या आवृत्तीत व्याजावर व्याज लागत होतं, ते त्यांनी पकडलं. त्यांना पैसे मागणं मला जमणार नव्हतं. मी पुढे लिहिलं, ‘फुकट’.

हा कागद सांभाळून ठेवा. पुढची प्रत्येक गोष्ट याच्यावर घासून बघायची आहे.

कोड तुमचाच आहे का?

लायसन्स द्यायचा हक्क मालकाला. भारतात सॉफ्टवेअर हे कॉपीराइट अधिनियम, १९५७ खाली साहित्यकृतीत मोडतं, आणि त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. नोकरीतली बरीच ॲग्रीमेंट याच्याही पुढे जातात आणि नोकरीच्या काळात केलेलं जवळपास सगळंच कंपनीचं असं लिहून घेतात. मी टँकरवही घरी, माझ्या लॅपटॉपवर, रविवारी लिहिली. तरीही मी एचआरला मेल टाकून लेखी विचारलं आणि ‘कंपनीचा यावर हक्क नाही’ असं उत्तर घेऊन ठेवलं. तीन आठवडे लागले. पुढे पैसे घेऊन लायसन्स द्यायचं असेल तर बाहेरच्या उत्पन्नाची परवानगीही त्याच मेलमध्ये मागा, दोनदा फेऱ्या नकोत.

दुसरं, कोडमध्ये बाहेरचं काय वापरलंय ते बघा. इथे माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. बिलाची पीडीएफ मी पायमूपीडीएफ या लायब्ररीने बनवत होते आणि ती इन्स्टॉलरमध्येच बांधून देत होते. पायमूपीडीएफ एजीपीएलखाली आहे, नाहीतर पैसे देऊन तिचं व्यावसायिक लायसन्स घ्यावं लागतं. एजीपीएल आणि जीपीएल ही ‘खुलं घेतलंत तर खुलंच वाटा’ म्हणणारी लायसन्स. नियम असा की त्यांचा कोड मिसळून वाटलेल्या प्रोग्रामवर तुम्ही जास्तीचं बंधन घालू शकत नाही, आणि ‘धंद्यासाठी वापरू नका’ हे सरळसरळ जास्तीचं बंधन. म्हणजे एकतर माझी अट जाणार, नाहीतर ती लायब्ररी.

मी लायब्ररी बदलली. पहिल्यांदा जी घेतली तिच्यात ‘व्याज’ हा शब्द ‘व्‌याज’ असा फुटून छापला जायचा. ‘सप्टेंबर’मधला अर्धा प सुटा पडायचा, ‘दुरुस्ती’चा स एकीकडे आणि ती दुसरीकडे. मराठी बिलात हे चालत नाही, काकू लोक लगेच विचारतात की हे काय छापलंय. शेवटी वीजीप्रिंटवर आले. ती बीएसडी लायसन्सखाली आहे, अक्षरं मांडायला पँगोचा आधार घेते, म्हणून जोडाक्षरं धड येतात. तुमच्या प्रोजेक्टमध्ये एमआयटी, बीएसडी, अपाचे अशा सैल लायसन्सखालचं काही असेल तर काळजी नाही, फक्त त्यांच्या सूचना सोबत ठेवा. जीपीएल किंवा एजीपीएल दिसलं तर थांबा, आणि एलजीपीएल, म्हणजे जीपीएलचा सौम्य प्रकार, असेल तर त्याच्या अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरं, दुसऱ्या कोणाचा कोड घेतलाय का? कॉलेजातल्या एका मुलाने पावतीचा फॉर्मॅट सुधारून पाठवला होता. त्याच्या ओळींचा मालक तो. त्याच्या लेखी संमतीशिवाय मी तो भाग बिल्डरला पैसे घेऊन देऊ शकत नाही. मी त्याला दोन परिच्छेदांचा मजकूर पाठवला: तुझा कॉपीराइट तुझाच राहील, पण तुझा कोड कोणत्याही लायसन्सखाली, पैसे घेऊनसुद्धा, द्यायचा हक्क तू मला देतोस. त्याने ‘मान्य’ म्हणून उत्तर पाठवलं. आता नवीन बदल घेण्याआधी ही संमती घेतेच. एकच माणूस असताना हे सोपं होतं, वीस जण झाल्यावर एकेकाला शोधत बसावं लागलं असतं.

याला ओपन सोर्स म्हणू नका

हे सांगितलं की बरेच जण नाराज होतात, पण खरं ते खरं. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था १९९८ पासून ओपन सोर्सची व्याख्या सांभाळते. त्या व्याख्येतल्या सहाव्या कलमानुसार कोणत्याही क्षेत्रातल्या वापराला मनाई करता येत नाही, आणि धंदा हाही त्यातच आला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं पहिलं स्वातंत्र्य, ज्याला ते शून्य क्रमांक देतात, तेही हेच म्हणतं: कोणत्याही कारणासाठी प्रोग्राम चालवता आला पाहिजे. तुम्ही धंद्याला मनाई केलीत की तुमचा कोड ‘वाचायला खुला’ राहतो, ओपन सोर्स राहत नाही. रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, तसं लिहा. मी लिहिलंय, ‘सोर्स सर्वांना पाहता येईल, धंद्यासाठी वापरायला परवानगी लागेल.’ लोक एका ओळीत समजतात.

याची किंमत मोजावी लागते, ती आधीच समजून घ्या. डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य संग्रहात किंवा एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या दुकानात असं सॉफ्टवेअर जात नाही. मोठ्या कंपनीतली माणसं लायसन्सचं नाव बघूनच मागे फिरतात, चांगल्या हेतूची सुद्धा. आणि अनोळखी माणूस रात्री जागून तुमचा बग दुरुस्त करून देईल ही शक्यता कमी होते, कारण फायदा फक्त तुम्हालाच होणार असं त्याला वाटतं. लिनक्सचंच बघा ना. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने पहिल्यांदा लिनक्स दिलं तेव्हा पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२ मध्ये त्याने ते जीपीएलखाली आणलं, आणि मग ते जगभर गेलं. तुमचा प्रोजेक्ट अनेकांनी मिळून वाढवण्यासारखा असेल, तर मी मनापासून सांगते, एजीपीएल घ्या. धंदा करणाऱ्यालाही ते वापरता येतं, पण बदल केले आणि सर्व्हरवरून लोकांना वापरायला दिलं तर बदललेला सोर्स त्या वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. ज्याला तो द्यायचा नाही, तो तुमच्याकडे पैसे देऊन वेगळं लायसन्स मागायला येतो. क्यूटी ही प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी वर्षानुवर्षं अशाच दुहेरी पद्धतीने चाललीय.

माझा प्रोजेक्ट तसा नव्हता. तो एका रस्त्यावरच्या सोसायट्यांसाठी होता, तो वाढवणारी मी एकटी, आणि ज्याला थांबवायचं होतं त्याने सोर्स उघडा ठेवून विकला असता तरी सेक्रेटरी काकांकडून पैसे गेलेच असते. म्हणून मी मनाईच्या वाटेने गेले.

कोणकोणती लायसन्स आहेत

एक गोष्ट पक्की: स्वतःच्या मनाने वाक्य रचून एमआयटीला शेपूट जोडू नका. जेसन या माहिती लिहायच्या पद्धतीच्या कोडला लावलेल्या लायसन्समध्ये एमआयटीसारख्या मजकुरात एक ओळ घातलेली आहे, सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नाही. भावना चांगली, पण ‘वाईट’ कोण ठरवणार? डेबियन आणि अपाचे फाउंडेशन दोघांनीही ते लायसन्स नाकारलं. ‘नफ्यासाठी वापरू नये’ अशी तुमची ओळ याच वाटेने जाते.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं बीवाय-एनसी (नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका) पुष्कळांना माहीत असतं, म्हणून ते लावायचा मोह होतो. खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्सच सांगतं की सॉफ्टवेअरला आमची लायसन्स लावू नका. सोर्स कोडचं त्यात काही म्हटलेलं नाही, पेटंटचे हक्क त्यात येत नाहीत. मात्र टँकरवहीची मराठी माहितीपुस्तिका, तिच्यातले स्क्रीनशॉट आणि सेक्रेटरींसाठी बनवलेला व्हिडिओ मी बीवाय-एनसी ४.० खालीच दिलाय. लिखाणाला आणि चित्रांना ते अगदी बरोबर बसतं.

कोडसाठी मी पॉलिफॉर्म नॉनकमर्शियल १.०.० घेतलं. सॉफ्टवेअर लायसन्सचं काम करणाऱ्या वकिलांनी लिहिलेल्या पॉलिफॉर्म मालिकेतलं हे एक. भाषा सोपी, लांबी पान-दीड पान. धंदा नसलेला कोणताही वापर चालतो. अभ्यास, छंद, खासगी वापर हे नाव घेऊन दिलेले आहेत. धर्मादाय संस्था, शिक्षणसंस्था, सार्वजनिक संशोधन, आरोग्य आणि सुरक्षा संस्था, पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्था, सरकारी संस्था यांनाही वापर खुला आहे, त्यांना पैसा कुठूनही येत असो. वाचल्यावर कागद काढला. ट्रस्ट, विद्यार्थी: बसले. बिल्डर, कंपनी, विकणारा: बाहेर राहिले. हवं तसं.

पण सोसायटी? यादी तीनदा वाचली, सहकारी गृहनिर्माण संस्था त्यात नाही. सोसायटी धर्मादाय नाही, सरकारी नाही. ‘धंदा नसलेला वापर’ यात ती बसते असं मला वाटतं, पण गाळ्यांकडून भाडं येणारी, टेरेसवर मोबाइल टॉवर असलेली सोसायटी बसते का यावर वाद होऊ शकतो. आणि हिशोबनीस काका तर सरळ बाहेर. ज्यांच्यासाठी हे लिहिलं तीच दोन माणसं लटकली.

यावर उपाय लायसन्सच्या मजकुरात खाडाखोड करणं हा नाही. मजकूर बदललात की ते पॉलिफॉर्म राहत नाही, आणि वाचणाऱ्याचा विश्वास जातो. मूळ लायसन्स तसंच ठेवा आणि सोबत जास्तीची परवानगी वेगळ्या फाइलमध्ये द्या. माझी अशी आहे: ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदणी झालेली कोणतीही गृहनिर्माण संस्था, तसेच महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालील सदनिकाधारकांची संघटना, स्वतःच्या हिशोबासाठी हे सॉफ्टवेअर विनामूल्य वापरू शकते. संस्थेला भाडे किंवा अन्य उत्पन्न असले तरी ही परवानगी लागू राहील.’ दुसरा परिच्छेद काकांचा. आधी मी ‘छोटे हिशोबनीस’ लिहिलं होतं. मग स्वतःलाच विचारलं, छोटे म्हणजे किती? शेवटी आकडा घातला: एकट्याने काम करणारी व्यक्ती, जास्तीत जास्त २५ सोसायट्या, सॉफ्टवेअरसाठी वेगळी रक्कम न आकारता. काकांचा चौदाचा आकडा त्यात आरामात बसतो.

बाकीच्या लायसन्समधून काय मिळतं ते थोडक्यात. पॉलिफॉर्म स्मॉल बिझनेस हे शंभरापेक्षा कमी माणसं आणि वर्षाची उलाढाल दहा लाख डॉलरच्या आत असलेल्या धंद्याला फुकट देतं. माझ्या कागदावर ते सपशेल नापास, कारण विकणारी टोळीच तीन माणसांची होती. पॉलिफॉर्म शील्डमध्ये धंदा चालतो, फक्त तुमच्याशी स्पर्धा करणारं उत्पादन बनवता येत नाही. ज्याला फक्त नक्कल करून विकणाऱ्याची धास्ती आहे त्याच्यासाठी हे उत्तम, आणि माझ्या मते पुष्कळांना खरं तर हेच हवं असतं. प्रॉस्पेरिटीत धंदेवाल्याला ३० दिवस वापरून बघायला मिळतं, मग तुमच्याकडे यावं लागतं. बिझनेस सोर्स लायसन्स मारियाडीबी या डेटाबेसवाल्यांनी आणलं. त्यात मनाई ठरावीक मुदतीची असते, आणि जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती जीपीएलशी जुळणाऱ्या लायसन्सखाली आपोआप खुली होते. कोणता वापर आधीपासून चालेल ते तुम्हाला लिहिता येतं. फंक्शनल सोर्स लायसन्सही त्याच जातीचं, सेन्ट्री या सॉफ्टवेअर कंपनीने २०२३ मध्ये आणलेलं, त्यात दोन वर्षांनी कोड अपाचे किंवा एमआयटीखाली येतो. कॉमन्स क्लॉज हे मूळ लायसन्सला जोडायचं कलम आहे, ते विक्रीला मनाई करतं आणि ‘विक्री’त होस्टिंग (आपल्या सर्व्हरवर चालवून देणं) आणि सल्ल्याची फीही धरतं. काकांसारख्यांना ते नाहक अडवेल.

आणि निर्णय आधी घ्या. सर्व्हर उभे करायचं टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं खुलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने ते बिझनेस सोर्स लायसन्सवर नेल्यावर लोकांनी जुनी आवृत्ती घेऊन ओपनटोफू उभं केलं. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने लायसन्स बदललं, त्याच्या जुन्या आवृत्तीतून वाल्की निघालं, आणि २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एजीपीएलचा पर्याय दिला. कारण तेच, जे माझ्या एमआयटीचं: एकदा दिलेल्या आवृत्तीची परवानगी मागे घेता येत नाही. टँकरवहीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून नवीन लायसन्स आहे. पहिली आवृत्ती कोणीही घेऊन विकू शकतं, फक्त तिच्यात व्याजाची ती चूक अजून आहे.

लावताना

गिटहबच्या तयार यादीत पॉलिफॉर्म नाही. पूर्ण मजकूर कॉपी करून लायसन्स नावाच्या फाइलमध्ये, प्रोजेक्टच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये टाका. काहीच लायसन्स टाकलं नाही तर ‘सगळे हक्क राखीव’ असा अर्थ होतो. लोकांना गिटहबवर बघता येतं, तिथे फोर्क करता येतं (आपल्या खात्यात प्रत घेता येते), पण सेक्रेटरी काकांना वापरायची परवानगी मिळत नाही. पॅकेजच्या माहितीत लायसन्सचा रकाना असतो, तिथे एसपीडीएक्सच्या, म्हणजे लायसन्सच्या प्रमाणित नावांच्या, यादीतलं ठरलेलं नाव घाला. पॉलिफॉर्म नॉनकमर्शियल त्या यादीत आहे. म्हणजे कंपन्यांची तपासणी करणारी साधनं आपोआप ओळखतात आणि अनवधानाने कोणी वापरत नाही. पॉलिफॉर्ममध्ये ‘आवश्यक सूचना’ या शब्दांनी इंग्रजीत सुरू होणारी ओळ घालता येते, ती प्रत्येक प्रतीसोबत ठेवणं वाटणाऱ्याला बंधनकारक असतं. माझं नाव, वर्ष आणि प्रोजेक्टचा पत्ता मी तिथे घातला. मागच्या वेळी जी ओळ पुसली गेली, तीच ही.

भारतातल्या कायद्याची एक बारीक गोष्ट विसरू नका. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १९ मध्ये हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरलं जातं. कलम ३०-अ मुळे हे नियम योग्य त्या फेरफारांसह लायसन्सलाही लागू होतात. सोसायटीला सहाव्या वर्षी शंका यायला नको. माझ्या परवानगीच्या पत्रात शेवटी लिहिलंय, ‘ही परवानगी कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि सर्व देशांसाठी आहे.’ पत्र मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे, आणि मतभेद झाल्यास कोणतं ग्राह्य धरायचं तेही एका ओळीत आहे. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, कृती तयार झाली की हक्क निर्माण होतो. पण पैशाचा करार मात्र वकिलाला दाखवूनच करा. मी ठाण्यातल्याच एका वकिलीणबाईंना दाखवला, त्यांनी माझ्या चार पानांची दीड पानं केली.

कोणी मोडलंच तर पहिलं पत्र साधं आणि सभ्य लिहा. बहुतेकांनी लायसन्स वाचलेलंच नसतं, मीही माझं वाचलं नव्हतं. पॉलिफॉर्ममध्ये तुमची लेखी सूचना मिळाल्यावर ३२ दिवसांत सुधारणा केली तर पहिल्या वेळी त्यांचं लायसन्स टिकतं. म्हणून सूचनेची तारीख जपून ठेवा.

पैसे देऊन मागणारा पहिला आला तो एक बिल्डर, कासारवडवलीच्या बाजूचा, दोन टॉवरचा. मी घाबरून फोनवरच आकडा सांगणार होते. मग थांबले आणि त्यांना चार प्रश्न मेलवर पाठवले: फ्लॅट किती, किती कॉम्प्युटरवर चालणार, कोडमध्ये बदल करणार का, आणि सोसायटी रजिस्टर होऊन हिशोब हातात गेल्यावर डेटाचं काय? शेवटच्या प्रश्नावर त्यांनी उलट फोन केला, कारण त्याचा त्यांनी विचारच केला नव्हता. करारात आम्ही लिहिलं की सोसायटी स्थापन झाली की सगळ्या नोंदी तिच्या ताब्यात जातील, आणि त्या दिवसापासून सोसायटीला टँकरवही फुकट. वर्षाची रक्कम फ्लॅटच्या संख्येवर ठरली. ती मी इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दाखवते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, तिथपासून मी खूप लांब आहे. त्या पैशातून यंदा आमच्या जुन्या प्रिंटरचा ड्रम बदलला आणि हिशोबनीस काकांना नवा कीबोर्ड घेऊन दिला, कारण त्यांच्या कीबोर्डवरचं ‘ळ’चं बटण दोन वर्षं दाबलंच जात नव्हतं.